आत्याची एक रिंग

माझ्या आत्याने मदतीसाठी केलेला शेवटचा फोन मी फेकून दिला.

तिने तो करायच्या कितीतरी आधीच.

आज सुमन आत्याला जाऊन वर्ष झालं. सकाळी स्टेटसला तिचा फोटो ठेवला, तेव्हापासून लोक हात जोडतायत. मला ते हात बघवत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

शाळेसाठी मी दिग्रसला तिच्याकडेच राहिलो. ती जिनिंगमध्ये कामाला होती. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केसांत, भुवयांवर कापूस. आल्याआल्या "जेवला काय रे?" विचारायची आणि मग स्वतः पाणी प्यायची.

सुट्टीत मी फुलसावंगीला आईबाबांकडे जायचो. एसटी निघताना खिडकीशी तिचं एकच वाक्य असायचं.

"पोचला का मिस कॉल देजो."

एक रिंग, कट. एवढंच. विसरलो की दुसऱ्या दिवशी माझा उद्धार.

"काहून रे, हाताले मेंदी लागली होती काय?"

पुढे फोनवर बोलणं फुकटासारखं झालं, तरी तिची सवय गेली नाही. मी चिडलो एकदा. "आत्या, आता पैसे लागत नाही. सरळ बोलत जा न!"

"पैशाचं नाही रे बाप्पा. तू कामात असशीन त? आपन दार वाजवाव. समोरच्याले टाइम भेटला का थो येते."

तिच्यासाठी ती रीत होती. आमच्याकडे अर्ध्या गावाची हीच रीत.

पुण्यात माझं काम इंटरनेटवरून होणाऱ्या फोनचं. कंपन्या, दवाखाने आमची सिस्टीम घेतात. कुणी कुणाला फोन केला, कधी केला, किती वेळ बोलले, अशी प्रत्येक कॉलची एक ओळ डेटाबेसमध्ये जाते.

या ओळी इतक्या साचल्या, की रिपोर्ट उघडता उघडेना. त्यात बऱ्याचशा अशा, की रिंग वाजली आणि कुणी उचलायच्या आत कट. बोलणं शून्य सेकंद.

मीटिंगमध्ये मीच म्हणालो, "हा कचरा आहे. स्टोअरच नको करायला."

टीममधले बाकी सगळे मोठ्या शहरांतले. एक रिंग देऊन कट करणारा माणूस बोलावत असतो, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आणि कचरा हा शब्द माझ्याच तोंडून निघाला.

रिपोर्ट झरझर उघडायला लागला. माझं कौतुक झालं, पार्टी झाली. पिझ्झा मस्त होता.

नंतर यवतमाळच्या एका दवाखान्याने हीच सिस्टीम घेतली. आत्याचा हार्टचा इलाज तिथेच चालू होता. हेल्पलाइनला फोन केला की नर्स बोलायची, गरज पडली तर गाडी पाठवायचे. "माझी सिस्टीम आहे बरं ही," असं मी तिच्यापुढे मिरवलोसुद्धा.

त्या काळात ती मला सारखे मिस कॉल द्यायची. कधी छातीत धडधड, कधी गोळी कोणती ते कळत नाही. एक दिवस मी वैतागलो.

"आत्या, मी डॉक्टर हाव काय? मले नको देत जाऊ मिस कॉल. तब्येतीचं काही असलं त दवाखान्याच्या नंबरवर करत जा."

तिने एवढंच विचारलं,

"थे करतीन न वापस?"

"हो, करतात."

लॅपटॉपवरची नजर न काढता मी हो म्हणालो.

त्या दिवशी आत्याचा मुलगा, दादा, बाहेरगावी होता. वहिनी, म्हणजे आत्याची सून, शिवणक्लासहून घरी आली, तर आत्या ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली. घामाने ओली. फोन हातात.

"दवाखान्यात मिस कॉल देल्ला हाये," ती म्हणाली. "येईनच आता फोन. मघापासून वाट पाहून राह्यली."

वहिनीने ऑटो बोलावला. दिग्रसच्याच दवाखान्यात पोचेपर्यंत आत्या गेली.

नंतर ऑफिसात मी तिचा नंबर टाकून डेटाबेसमध्ये शोधलं. एक ओळ नाही. असणार कशी? दवाखान्याला तिचा मिस कॉल दिसलाच नव्हता; माझी सिस्टीम अगदी बरोबर चालली होती.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. मी त्या वाक्याला धरून राहायचा खूप प्रयत्न केला. जमत नाही.

आत्यासाठी सगळे वंदनेला जमलो, त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वहिनी म्हणाली, "भाऊजी, आईनं तुमाले काहून नाही केला फोन, थेच समजत नाही मले. उठता बसता तुमाले करे न थे."

मी समोरच्या मेणबत्त्यांकडे बघत बसलो.

तो नियम मी काढून टाकलाय. आता कट झालेली रिंगही साठवली जाते, आणि दवाखान्यातून उलटा फोन जातो. ऑफिसात विचारलं तर अपडेट आहे म्हणून सांगतो. चांगलं काम केलंस असं कृपा करून कुणी कमेंटमध्ये लिहू नका.

पुण्यानुमोदनाहून परतलो तेव्हा पहाटे पुण्यात बसमधून उतरलो आणि सवयीने तिच्या नंबरवर रिंग दिली. एक वाजली, कट केली. मग भानावर आलो.

लगेच फोन आला. तिच्याच नंबरवरून. स्क्रीनवर तिचा फोटो.

वहिनी होती.

"पोचले काय भाऊजी? आईचा फोन चालूच ठेवला मी. तुमी मिस कॉल द्यान, माहीत होतं मले."

मला एवढंच म्हणता आलं, "हो."

वहिनी, त्या पहाटे जे बोलता आलं नाही ते आज इथे लिहिलंय. आत्याने मला फोन केला नाही, कारण मीच तिला नको म्हणालो होतो. आणि दवाखान्यातून फोन येईल असंही मीच सांगितलं होतं.

आत्या, तू दार बरोबर वाजवलं होतंस.

भरल्या मनाने तुला जयभीम.