शेवटून दुसरे

एमिल स्कलाच्या अंगणात गवताचं एक पातं शोधून सापडलं नसतं. आणि हा माणूस कोण, तर लॉगन्स फेरीच्या बेसबॉल मैदानाचा माळी, ज्याच्या हिरवळीचं कौतुक अख्ख्या लीगमध्ये व्हायचं. कारण साधं होतं. मैदानात कुठे टक्कल पडलं की एमिल घरी यायचा, अंगणातला गवताचा एक चौकोन मातीसकट उचलायचा आणि कुंपणाच्या फटीतून सरळ मैदानात नेऊन बसवायचा. त्याचं घर मैदानाच्या डाव्या कुंपणाला खेटूनच होतं. वर्षानुवर्षं असं चालल्यावर अंगणाचं काय होणार?

"माझ्या दारात कोंबड्यासुद्धा यायला लाजतात," त्याची बायको लिबी म्हणायची. "लग्न झालं तेव्हा आई म्हणाली होती, नवरा बिअर पिणारा आहे, सांभाळ. बिअर परवडली असती गं आई. ही सवत बघ केवढी आहे, तीन एकर!"

एमिल तोवर मैदानावर पोचलेला असायचा. तो मुळातच कमी बोलणारा. बाप चेक मुलखातून अमेरिकेत, आयोवात आला, ओटच्या गिरणीत राबला, आणि पोरगाही त्याच गिरणीत चिकटला. गिरणीच्या संघातून एमिल चांगलं खेळायचा म्हणतात, पण हे सांगणारे सगळे त्याचे साडू आणि मेहुणे, तेव्हा किती धरायचं ते आपण ठरवावं. मंदीच्या वर्षांत गिरणीने माणसं कमी केली आणि मैदानाला माळी हवा होता. 'तात्पुरता' म्हणून गेलेला एमिल तिथेच म्हातारा झाला.

आता मैदानाच्या माळ्याची एक विद्या असते, ती कुठे लिहिलेली नाही आणि कुणी कबूलही करत नाही. आपला संघ संथ असेल आणि पाहुण्यांकडे चपळ पळणारे असतील, तर पहिल्या बेसजवळची माती आदल्या संध्याकाळी मुरेपर्यंत भिजवायची आणि वर कोरडी माती भुरभुरायची. दिसायला सगळं ठणठणीत. पण बेस चोरायला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पिचरची नजर चुकवून पुढच्या बेसकडे पळायला निघालेला गडी पहिलं पाऊल दाबून टाकायला जातो आणि पाय हवा तसा सुटत नाही. सगळ्या गावांचे माळी हे करत, सगळ्या अंपायरांना ते ठाऊक होतं, आणि सगळे साळसूद चेहऱ्याने वावरत. आमच्या मिलर्सचा संघ तर कायमच संथ. तेव्हा ती जागा उन्हाळाभर दमट असायची.

पण १९५५ सालच्या त्या हंगामात नुसत्या चिखलावर भागण्यातलं नव्हतं. टेलिव्हिजन घराघरात आला होता आणि संध्याकाळी मैदानावर येणारी माणसं सोफ्यावर पसरू लागली होती. लीगच्या मंडळींनी एप्रिलमध्येच जाहीर केलं की आठ संघ पोसणं आता जमत नाही. जो शेवटचा येईल, त्याने गाशा गुंडाळायचा. गावच्या कौन्सिलने लगेच पुढचा हिशोब केला. संघच नसेल तर मैदान कशाला? गिरणीला ट्रक उभे करायला जागा हवीच होती. डांबर घालून टाकू. जुलैत दोन माणसं टेप घेऊन आली आणि एमिलच्या हिरवळीवर बूट घालून मापं घेऊन गेली. त्या दिवशी एमिल जेवला नाही.

आणि संघ तरी कसा! पहिला सामना बर्फात झाला, त्यात हरले. मग ऊन पडलं, त्यातही हरले. बरा म्हणावा असा एकच पिचर होता, त्याला मे महिन्यात सैन्याचं बोलावणं आलं. जूनमध्ये संघाची बस भर मक्याच्या शेतांमध्ये बंद पडली आणि एका शेतकऱ्याने सगळ्यांना डुकरांच्या गाडीतून मैदानावर पोचवलं. त्या दिवशी मिलर्स जिंकले! मॅनेजर हॅप रोर्कने ती डुकरं विकत मिळतील का याची गंभीरपणे चौकशी केली. बेसचोराच्या आधी चेंडू पोचवून त्याला बाद करणं हे कॅचरचं काम; आमचा कॅचर गस पेटिंगिल हा मनाने देवमाणूस, पण त्याने दुसऱ्या बेसकडे फेकलेला चेंडू कधी मधल्या मैदानात जायचा, कधी पिचरच्या डोक्यात. पाहुणे त्याच्यासमोर बेस चोरायचे ते उघड्या घरात शिरल्यासारखे. ऑगस्टमध्ये मात्र काय झालं कोण जाणे, हीच मंडळी अधूनमधून जिंकू लागली. होता होता हंगामाचा शेवटचा दिवस उजाडायची वेळ आली, आणि तळाला दोन संघ बरोबरीत उरले. आम्ही आणि ब्रॅकेट. शेवटचा सामना या दोघांचाच, आमच्या मैदानावर, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, मजूर दिनाच्या सुट्टीला. हरेल तो संपला.

ब्रॅकेटकडे लेस्टर क्विन नावाचा पोरगेलासा खेळाडू होता. लीगमधला सगळ्यात अट्टल बेसचोर. साहजिकच सामन्याच्या आदल्या दुपारी हॅप रोर्क एमिलला गाठून म्हणाला, "एमिल, गड्या, उद्या त्या सशाला नीट पाणी पाज बरं का."

"उद्या पाणी नाही," एमिल म्हणाला.

"काय?"

"इतकी वर्षं केलं. मैदानाचा शेवटचा दिवस असेल तर तो तरी सरळ जाऊ दे. जे व्हायचं ते कोरड्या मातीवर होईल."

हॅप मान हलवत निघून गेला. रात्री जेवताना एमिलने हेच लिबीलाही सांगितलं. तिने डंपलिंग वाढता वाढता फक्त "बरं" म्हटलं. मैदान गेलं तर तिला बरंच वाटेल, असं एमिलने केव्हाच धरून ठेवलं होतं.

पण माणूस चांगुलपणाचा निश्चय करतो तो जेवणाआधी, आणि पोट भरल्यावर त्याला क्विनचे पाय आठवतात. जेवण झाल्यावर 'जरा चक्कर मारून येतो' म्हणून एमिल बाहेर पडला, नळी ओढली, जागा भिजवली, वर कोरडी माती टाकली आणि चोरासारखा घरी आला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने लांबूनच नजर टाकली. जागा छान कोरडी दिसत होती. जवळ गेला नाही, कारण आपल्या करणीवर आपलंच पाऊल उमटवायचं नसतं.

मैदान गच्च भरलं होतं. अंपायर स्टॉट, लोखंडासारखा कडक माणूस, याने खेळाडूंना जागा घ्यायला सांगितलं. आमचा पहिल्या बेसवरचा गडी धावत गेला आणि घोट्यापर्यंत आत रुतला. पाय ओढला तर मोजा वर आला, बूट खालीच राहिला.

आधी सगळे हसले. "एमिल, मासे कधी सोडतोयस?" कुणीतरी ओरडलं. मग स्टॉट चालत आला. त्याने हातातली काठी मातीत खुपसली, ती जवळजवळ मुठीपर्यंत गेली, आणि हसणं थांबलं.

"मिस्टर स्कला, थोडंफार ओलं असतं तेव्हा मी कधी बोललो नाही," स्टॉट म्हणाला. "पण ही दलदल आहे. अर्धा तास देतो. मैदान खेळण्याजोगं झालं नाही, तर दोष यजमानांचा आणि सामना ब्रॅकेटचा."

एमिल धावतच तिथे पोचला. त्याने घातलेलं पाणी हे एवढं नव्हतंच! तो गुडघ्यावर बसून चिखलात हात घालून बघू लागला, तेवढ्यात हॅप शेजारी येऊन टेकला. त्याचा चेहरा उतरला होता.

"गड्या, तू म्हणालास पाणी नाही. मला राहवलं नाही रे. झोपायच्या आधी येऊन मीच नळी सोडली. वर कोरडी माती पण टाकली, तू टाकतोस तशी."

"अरे गाढवा, मी घातलं होतं!"

"मग तू नाही का म्हणालास?"

एमिलने पुन्हा चिखल चाचपला. पण दोघांचं मिळूनही हिशोब जुळेना. एवढ्यात कुंपणाच्या फटीतून लिबी आली. एप्रन तसाच, हात पिठाने माखलेले. ती कधी मैदानात पाऊल टाकत नसे.

"एमिल," ती म्हणाली, "पहाटे मी पाणी घातलं."

"तू?"

"तू झोपेतसुद्धा कण्हत होतास. म्हटलं, हा उगाच साधू होऊन बसलाय, मैदान गेलं तर मरेल हा. बरंच घातलं रे मी, वर तुझ्यासारखी कोरडी मातीही भुरभुरली. म्हटलं, कमी पडायला नको."

इतकी वर्षं जिला सवत म्हटलं, तिच्यासाठी ही बाई पहाटे उठून नळी ओढत आली होती. पण गहिवरायला वेळ नव्हता. स्टॉट घड्याळ बघत होता.

हॅपने बसमधलं पेट्रोल आणून चिखलावर ओतलं आणि पेटवलं. तेव्हा सगळीकडे असंच करत. काळा धूर प्रेक्षकांच्या अंगावर गेला, वरची साय सुकली, खाली लापशी तशीच. "जळून भागायचं नाही," एमिल म्हणाला. "ही सगळी माती काढायची आणि दुसरी भरायची."

"आणायची कुठून?"

एमिलने प्रेक्षकांच्या लाकडी स्टँडकडे बोट दाखवलं. स्टँडच्या खाली कधी पावसाचा थेंब गेला नव्हता. तिथली माती पिठासारखी कोरडी होती. मग जे झालं ते आमच्या गावात अजून सांगतात. खेळाडू फावड्यांनी चिखल उपसू लागले आणि अख्खं गाव स्टँडखाली वाकून शिरलं. टोप्यांमधून माती आली, पॉपकॉर्नच्या पुड्यांमधून आली, लिबीच्या बहिणींनी कोलाचेचे, त्या चेक गोड पावांचे, ट्रे रिकामे करून त्यांतून आणली. फादर मॅकलिनने आपल्या काळ्या हॅटमधून आणली. मेयरही आला, ज्याने डांबराच्या ठरावावर सही करायला पेन काढून ठेवलं होतं. तोही दोन बादल्या घेऊन धापा टाकत आला. माती पडेल तशी एमिल ती पायाने दाबत होता, रोलर फिरवत होता, पुन्हा दाबत होता.

क्विन कुंपणाला टेकून तंबाखू चघळत होता. "मस्त कडक करा हं, आजोबा," तो म्हणाला. "माझ्यासाठी एवढी मेहनत कुणी केली नव्हती."

एमिलने मान वर केली नाही. चोरून थोडी पोकळ ठेवायची म्हटलं असतं तर ठेवता आली असती, इतकं त्याच्या हातात होतं. पण त्याने रोलर आणखी दोनदा फिरवला. जमीन दगडासारखी झाली. स्टॉटने काठी मारून बघितली, काठी टणकन उडाली. "खेळा," तो म्हणाला.

आणि क्विन खेळला! त्या टणक मातीवरून तो पहिल्यांदा दुसऱ्या बेसवर पळाला तेव्हा गसचा चेंडू वाटेत एकदा टप्पा खाऊन पोचला. दुसऱ्यांदा पळाला तेव्हा तर गसने फेकण्याचीही तसदी घेतली नाही. आमच्या पोरांनीही धावा काढल्या, पडत-झडत, रांगत का होईना. शेवटच्या इनिंगला आम्ही एका धावेने पुढे होतो. ब्रॅकेटचे दोन गडी बाद झाले होते, तिसरा बाद झाला की सामना संपणार होता. आणि पहिल्या बेसवर क्विन उभा होता.

एमिल लिबीशेजारी कुंपणाला धरून उभा होता. "पळणार तो," तो पुटपुटला. "मीच रस्ता करून दिलाय त्याला."

"गप्प बस आणि बघ," लिबी म्हणाली.

पिचरचा हात फिरला आणि क्विन सुटला. काय सुटला! पहिल्याच पावलाला ठिणगी उडावी तसा. गस पेटिंगिल उठला. त्या माणसाने उन्हाळाभर जे कधी केलं नव्हतं ते त्या क्षणी केलं. विचार केला नाही, नुसता चेंडू फेकला. चेंडू सरळ गेला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, दुसऱ्या बेसवरच्या आमच्या गड्याच्या हातमोज्यात, आणि क्विनचा पाय बेसला लागायच्या आधी आपणहून त्या मोज्यावर येऊन आदळला. धूळ उडाली. स्टॉट वाकला. त्याची मूठ वर गेली.

बाद.

एमिलने टोपी काढून हवेत भिरकावली. चर्चची घंटा वाजायला लागली, गिरणीचा भोंगा सुट्टी असून वाजला, मेयरने बिअरचं पिंप फोडायला लावलं आणि लोकांनी गसला खांद्यावर घेतलं. त्याला उचलायला नऊ जण लागले. क्विन जाताना एमिलपाशी थांबला. "माती चांगली होती, आजोबा," म्हणाला, आणि गेला. त्याच्या संघाचा तो शेवटचा दिवस होता. एमिलला त्याचं वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगा, फार वेळ नाही वाटलं.

स्टॉटने निघताना विचारलं, "खरं सांगा, किती पाणी घातलं होतंत?"

"माझं मी सांगतो," एमिल म्हणाला. "बाकीच्यांचं त्यांना विचारा." कडक माणूस, पण गाडीपर्यंत हसत गेला.

दुसऱ्या दिवशी गावच्या वर्तमानपत्राने हंगामाचा आढावा छापला. हरलेले सामने जिंकलेल्यांपेक्षा पुष्कळ जास्त, फलंदाजी बेतास बात, पिचर कामचलाऊ, स्थान सातवं. मथळा मात्र विश्वविजेत्यांना द्यावा एवढा मोठा. डांबराचा ठराव मेयरने मागे घेतल्याची बातमी त्याच्या खाली होती. एमिलने ती दोनदा वाचली आणि त्याला पहिल्यांदाच कळलं की आपण एप्रिलपासून पोटभर श्वास घेतला नव्हता.

सप्टेंबरात मैदानाला नवं बी टाकायचं असतं. हिवाळ्याआधी रुजलं तर वसंतात हिरवळ भरते. एमिल पोतं घेऊन निघाला तर लिबी एप्रनचा ओचा धरून मागोमाग आली. "घाल यात," म्हणाली. दोघं मधल्या मैदानात शेजारी शेजारी चालू लागली. तो मुठीने फेकायचा, ती बघून तशीच फेकायची.

"पुढच्या वर्षी," लिबी म्हणाली, "इथे जरा दाट टाकायला हवं."

एमिल थांबला. संघ बुडणार ही बातमी आल्यापासून त्या घरात 'पुढच्या वर्षी' हे शब्द कुणी उच्चारले नव्हते. तिलाही ते कळलं. हातातलं बी तसंच धरून ती रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलीसारखी, आणि एमिल तिच्या पाठीवर हात ठेवून तिथेच उभा राहिला.

"आणि सहावे तरी या," ती नाक पुसत म्हणाली. "सातवे येणं मला झेपत नाही."