ड्रायव्हर कुठे झोपणार?

नवऱ्याच्या डोक्यात ते खूळ शिरलं तेव्हा लेक नऊ महिन्यांची होती आणि नुकतीच पोटावर सरकायला लागली होती. कुठल्याशा गोऱ्या जोडप्याचे व्हिडिओ. बाई व्हॅनच्या मागच्या दारात पाय सोडून कॉफी पितेय, बाळ गवतावर पालथं पडून हसतंय, मागे बर्फाचा डोंगर. व्हॅनमध्येच पलंग, व्हॅनमध्येच ओटा, व्हॅनमध्येच संडास.

"हॉटेलचा खर्च नाही, बाळाची झोपायची जागा रोज बदलत नाही. घर सोबत घेऊन फिरायचं, समजलं का?" तो मला समजावत होता.

मला समजलं होतं. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, एकतीस वर्षं असेच फिरले. आधी ट्रक, मग गुडघे बोलायला लागल्यावर यात्रेकरूंची टेम्पो ट्रॅव्हलर, उज्जैन ते ओंकारेश्वर आणि परत. केबिनमध्ये स्टोव्ह, पाण्याची कॅन, काचेला आडव्या बांधलेल्या सुतळीवर वाळणारा टॉवेल. आंघोळ पेट्रोल पंपावर. यात्रेकरू राम घाटावर डुबकी मारायला उतरले की त्यांच्या चपलांची राखण करत तिथेच स्टिअरिंगवर डोकं टेकायचं. त्याचा व्हिडिओ कोणी काढला नाही. त्या गाड्यांवर आमचं घर चाललं आणि मी बी.ए. झाले, मग एम.ए. आईकडच्या आणि आप्पांकडच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आवाज खाली करून सांगत नाही. आज मी सरकारी कार्यालयात टेबलामागे बसते, लोकांच्या फायली वाचते, आणि बारीक अक्षरातलं आधी वाचते.

सासर उज्जैनमध्येच, माधव नगरातलं. त्यांचे कोणी खापरपणजोबा दरबारी फडावर, म्हणजे कचेरीत, होते. फड गेला, दरबार गेला, पण घरात अजून कोणी पाणी मागितलं तरी हुकूम सुटल्यासारखं वाटतं. आमच्या लग्नात पाहुण्यांना "मुलीचे वडील ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये आहेत" असं सांगितलं गेलं. मी ऐकलं आणि गप्प बसले. गप्प बसायला नको होतं.

तर सहल. सुरुवातीला आम्ही तिघं जाणार होतो. मग इंदूरच्या एका भाड्याच्या व्हॅनचा फोटो आला, त्यात चार माणसांची झोपायची सोय दिसली, आणि रविवारच्या पोह्यांवर सासरे म्हणाले, "चार बेड आहेत तर दोन रिकामे कशाला न्यायचे?" झालं. तीन वाक्यांत आम्ही पाच जण झालो, आणि गोवा म्हणता म्हणता कन्याकुमारी आली. वीस दिवस, जाऊन-येऊन.

मग याद्या निघाल्या. इतकी तयारी या घराने लेकीच्या जन्माच्या वेळीसुद्धा केली नव्हती. बाटल्या उकळायचं यंत्र, गाडीच्या बॅटरीवर चालणारी किटली, मच्छरदाणी, डायपर रोज आठप्रमाणे, खिमटीचं पीठ भाजून, जायफळ उगाळायला सहाण. खिडक्यांना काळे पडदे, कारण व्हिडिओतल्या बाळाला काळे पडदे होते. सासूबाई भैरवगढला जाऊन छापाच्या चार चादरी घेऊन आल्या, प्रत्येक बेडला वेगळ्या रंगाची. नवऱ्याने मोबाईलवर तक्ता केला: कोण कुठे झोपणार, कोणाची बॅग कुठे, बाळाचं दूध कोणत्या कप्प्यात.

व्हॅनवाल्याच्या अटींची चार पानं आली होती. ती कोणी उघडली नव्हती. मी उघडली. तिसऱ्या पानावर तळाला होतं: गाडीसोबत कंपनीचा चालक येईल, त्याच्या झोपण्याची सोय ग्राहकाने पाहावी, अन्यथा चालक पुढील आसनावर झोपेल.

"तक्त्यात ड्रायव्हर नाहीये," मी म्हटलं.

"म्हणजे?" नवरा.

"वीस दिवस तो कुठे झोपणार?"

सासऱ्यांनी पोह्यांवर शेव टाकली. "अगं, ते लोक करतात ॲडजस्ट. त्यांना सवय असते."

ते लोक. मी उठून ताट घासायला गेले. सिंकमध्ये दुसरं काही घासायला नव्हतं, म्हणून तेच दोनदा घासलं.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं इंदूरला व्हॅन बघायला गेलो. नवरा मागे चढून नळ चालू करून बघत होता, पलंगावर लोळत होता, "बघ, बघ, इथे बाळाचा टब बसेल" म्हणत होता. मी पुढचं दार उघडलं, चप्पल काढली आणि ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या सीटवर आडवी झाले. मध्ये गिअरचा दांडा आणि हँडब्रेक. कंबर एका सीटवर, खांदे दुसऱ्यावर, मधली पाठ हवेत. गुडघे दुमडले तर स्टिअरिंगला लागत होते आणि सरळ केले तर दाराला. मी पाच फूट एक इंच आहे. आप्पा पाच नऊ.

व्हॅनवाला हसला. "मैडम, वो ड्राइवर का है. आपका बेड पीछे है."

"पता है," मी म्हटलं आणि आणखी थोडा वेळ तशीच पडून राहिले. मान अवघडली तेव्हा उठले.

परतताना नवऱ्याने विचारलं, "काय करत होतीस?"

"बेड बघत होते."

त्याला कळलं असावं, कारण त्याने मोबाईल काढून तक्ता पुन्हा उघडला. नवरा वाईट माणूस नाही. त्याला फक्त कोणीतरी आधी दाखवावं लागतं.

अडचण दुसरीकडूनच आली. वीस दिवसांचं भाडं, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता, सगळं मिळून स्वस्तातली सहल हॉटेलपेक्षा महाग पडायला लागली. तेव्हा सासऱ्यांनी ती चार पानं पहिल्यांदा वाचली. बरोबर जिथे खर्च कमी होईल तिथे त्यांचा डोळा पडला: ग्राहकाचा स्वतःचा अनुभवी, परवानाधारक चालक असेल तर कंपनीच्या चालकाची सक्ती नाही.

"घरात इतका अनुभवी माणूस असताना आपण बाहेरचा कशाला शोधतोय?" ते म्हणाले आणि मला न विचारता आप्पांना फोन लावला. "व्याहीबुवा, रविवारी या. नातीच्या सहलीचं बोलायचंय."

आप्पा आले ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांना वाटलं होतं की नातीबरोबर फिरायला बोलावलंय. सोफ्याच्या कडेवर बसले, लेकीला मांडीवर घेतलं. ती त्यांच्या खिशातला चष्मा ओढत होती.

सासऱ्यांनी बेत सांगितला, नकाशा दाखवला. मग म्हणाले, "तुम्हीच चालवा. घरचा माणूस असला की निश्चिंत. आमचीही काळजी मिटली."

"चालवतो की साहेब," आप्पा लगेच म्हणाले. "त्यात काय एवढं."

ते माझ्या सासऱ्यांना अजून साहेब म्हणतात. माझं सतरा वेळा सांगून झालंय.

"फक्त झोपायचं जरा..." नवऱ्याने तक्ता वर केला. तो खरंच अवघडला होता. "चारच बेड आहेत आप्पा."

"मला कशाला बेड? समोरच्या सीटवर मस्त पाय लांब होतात."

"नाही होत," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी झोपून बघितलंय. पाय लांब होत नाहीत, पाठ हवेत राहते आणि मध्ये ब्रेक टोचतो. एकतीस वर्षं तुम्ही आम्हाला हेच सांगत आलात आणि आम्ही ऐकत आलो. आता पुरे. आप्पा आजोबा म्हणून येतील, बेडवर झोपतील, नाहीतर येणार नाहीत. ड्रायव्हर म्हणून माझा बाप या घराच्या कामाला येणार नाही."

बोलून झाल्यावर मला फार बरं वाटलं. सासऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी आप्पांकडे वळले, आणि त्यांचा चेहरा त्याहून वाईट होता.

"झालं तुझं?" ते म्हणाले. "काय म्हणालीस, ड्रायव्हर म्हणून येणार नाही? का गं? ड्रायव्हर म्हणजे शिवी आहे काय?"

"आप्पा, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं. साहेबांना वाटतं ड्रायव्हर म्हणजे कुठेही पडून राहणारा माणूस. आणि तुला वाटतं ड्रायव्हर म्हणजे लाज. दोघांत फरक काय मग?"

फायलींवर दिवसभर उत्तरं लिहिणारी मी, त्या दिवशी लेकीच्या तोंडातून चष्म्याची काडी काढत बसले.

आप्पांनी लेकीला माझ्याकडे दिलं आणि सोफ्यावर नीट मागे टेकून बसले. त्या घरात त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"साहेब, पाय लांब होत नाहीत. पोरगी खरं बोलली, मी खोटं बोललो. तशा झोपेवर मी गाड्या हाकल्या. आणि दोनदा माझे डोळे मिटलेत, चालत्या गाडीत. एकदा सेंधव्याच्या घाटात, ट्रक लोखंडाने भरलेला. क्लीनरला कळलं नाही. मी कोणालाच सांगितलं नाही, हिच्या आईलासुद्धा नाही. देवाची कृपा म्हणा, दुसरं काय."

सासूबाईंनी हातातली चहाची बशी खाली ठेवली.

"मागे हे लेकरू असणार. तर मी येईन ते ड्रायव्हर म्हणूनच येईन, आणि माझ्या अटीवर. ड्रायव्हरला खालचा बेड, सपाट. कोणी मोठेपणा देतंय म्हणून नको, झोप झालीच पाहिजे म्हणून. दिवसाचे चार तास गाडी चालेल, उजेडात. ड्रायव्हर झोपला की त्याला कोणी उठवायचं नाही, देव दर्शन द्यायला आला तरी. लेकरू मांडीवर बसणार नाही, त्याची ती पट्ट्याची खुर्ची असते ती पक्की बांधायची. मागच्या आडव्या बाकाला पट्टा आहे का, बघितलं का कोणी?"

कोणी बघितलं नव्हतं. आम्ही टब कुठे बसेल ते बघितलं होतं.

"आणि कन्याकुमारी नाही. एवढ्याशा जिवाला कन्याकुमारी काय आणि देवास काय. समुद्रच पाहिजे ना? जवळचा बघा."

"व्याहीबुवा, मग आमच्यापैकी एकाची जागा..." सासरे म्हणाले.

"जाते, साहेब."

सासऱ्यांनी आधी घसा साफ केला, मग आपल्या कमरेचा जुना त्रास आठवला, मग म्हणाले की वरच्या बेडवर चढायला डॉक्टरांनी मनाई केलीय, तेव्हा त्यांचं काही खरं नाही. खालचा बेड मागून बघायची हिंमत मात्र त्यांनी केली नाही. त्यांना वाटलं असावं की सासूबाईही मागे राहतील. सासूबाई म्हणाल्या, "बरं. तुमच्या डब्याची सोय मी लावून जाते." नवऱ्याने तोपर्यंत मोबाईल उघडून तक्ता खोडला होता आणि तो नवा करत होता. खालचा बेड: आप्पा. कोणी न सांगता त्याने ते पहिल्या ओळीत लिहिलं, एवढं त्याच्या नावावर मांडते.

मी त्या दिवशी आप्पांना बस स्टँडपर्यंत सोडायला गेले. माफी मागायची होती. त्यांनी मागू दिली नाही. "पट्टा बघून घे," एवढंच म्हणाले. "नसेल तर गाडी दुसरी घ्या."

पट्टा नव्हता. गाडी दुसरी घेतली. ती जुनी होती, तिच्यात टब बसत नव्हता आणि ती आधीपेक्षा स्वस्त पडली. व्हिडिओतल्या बाईला हे कोणी सांगत नाही, कारण तिचा बाप ट्रक चालवत नसावा.

निघालो ते सकाळी उजाडल्यावर. लेक खुर्चीत बांधली गेल्याबद्दल इंदूरपर्यंत रडली आणि पुढे झोपली. आप्पांनी वाटेत एकदा दूध-डायपरसाठी थांबवलं, आणि चार तास झाल्यावर महामार्गावरच्या एका ढाब्यामागे, लिंबाच्या सावलीत गाडी उभी केली. सकाळचे अकरा वाजत होते.

"रस्ता मस्त आहे आप्पा," नवरा म्हणाला. "आपण अजून दोन तास ओढू शकतो."

"आपण म्हणजे कोण?" आप्पांनी विचारलं, हातपाय धुतले, सासूबाईंची निळ्या छापाची चादर झटकून खालच्या बेडवर घातली आणि पाय पसरून झोपले. दोन मिनिटांत घोरायला लागले.

आम्ही खाली उतरलो. नवरा कुकर आत राहिला म्हणून हळहळत होता, पण आत जायला धजत नव्हता. लेक चटईवर एका काडीमागे सरकत होती. मी भर दिवसा, माणसं जागी असताना, बापाला आडवं झोपलेलं कधी बघितलं होतं ते आठवत बसले. आठवलं नाही. घरी आले की ते झोपायचे, पण तेव्हा आम्ही शाळेत असायचो.

तेवढ्यात ढाब्याचा माणूस आला. मागून भाजीचा ट्रक यायचा होता, त्याला जागा हवी होती. "मैडम, गाड़ी थोड़ी आगे करवा दो. ड्राइवर कहाँ है आपका?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई चटईवरून उठल्या आणि त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"धीरे बोलिए," त्या म्हणाल्या. "सो रहे हैं. उठेंगे तब गाड़ी हिलेगी."