जोड लावणारा

आई गेली त्या वर्षी आमच्या केंदूरच्या घरात कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. भांडण नव्हतं. बायको वेळेवर डबा द्यायची, मी दुसऱ्या पाळीला सणसवाडीला कंपनीत जायचो, माझे वडील, आबा, शेवंती तोडायला बायका लावून ओट्यावर येऊन बसायचे. मला रडू आलं नाही. तेरावा झाला, मी कामावर गेलो, रोजच्याइतके पीस काढले आणि घरी आलो.

कंपनीत शेजारच्या मशिनवर गोरखपूरकडचा एक जण होता. त्यानं जेवणाच्या सुट्टीत मला फोनवर गोल्फवरचा सट्टा दाखवला. "क्रिकेट में सबको सब मालूम है भाई, इसमें किसी को कुछ नहीं मालूम," तो म्हणाला. गोल्फ मी कधी पाहिलाही नव्हता. पण पैज सोपी होती. दोन खेळाडूंची जोडी समोर येते. आजच्या दिवसात दोघांपैकी कोण कमी फटक्यांत खेळ संपवेल, तेवढंच सांगायचं. बाकीचे शंभर जण काय करतात, स्पर्धा कोण जिंकतं, याच्याशी देणंघेणं नाही. पहिल्या दिवशी मी जिंकलो. पैसे आले ते पाहिलं आणि हात धुवायला गेलो.

आदल्या दिवशीचा खेळ सकाळी टीव्हीवर पुन्हा दाखवत. एकदा तो बघत बसलो होतो तेव्हा आबा पाणी प्यायला आत आले आणि तांब्या हातात घेऊन उभेच राहिले.

"ह्यो कंचा खेळ?"

"गोल्फ."

"ह्यात पळायचं न्हाई व्हय?"

"नाही. नुसतं चालायचं."

ते खाली बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्यो पांढऱ्या टोपीचा उद्या मागं पडतोय बघ. उतारावर डावा पाय राखून टाकतोय त्यो. दुखतंय त्याचं काहीतरी."

दुसऱ्या दिवशी पांढरी टोपी खरंच मागं पडली.

आबांची नजर तशीच होती. तीस-पस्तीस वर्षं शिरूर आणि दौंडकडच्या जत्रांत त्यांनी कुस्त्यांच्या जोड्या लावल्या. हात वर करून फडात फिरणाऱ्या दोन पैलवानांना मनगटाला धरून समोरासमोर उभं करायचं, मान बघायची, पिंढऱ्या बघायच्या, आणि जोड बरोबरीची वाटली तरच लावायची. त्यांनी लावलेल्या जोडीवर कुणी खळखळ करत नसे.

मग रोज सकाळी मी विचारू लागलो, "आबा, ह्या दोघांत कोण?" ते लवकर आंघोळ उरकून, चष्मा पुसून बसायचे. कधी म्हणायचे, "ह्याचा खांदा मोकळा हाय." कधी, "ह्यो रागावलाय, आता न्हाई जमायचं त्याला." चुकायचेही, पण माझ्याहून कमी. मी कामावर जाताना गाडीत बसून त्यांनी सांगितलेल्या खेळाडूवर पैसे लावायचो. शेजारच्या मशिनवाल्यालाही सांगायचो.

बायको म्हणाली, "आबा बोलाया लागले. बरं झालं."

एका सकाळी खेळ बघता बघता ते आपणहून आईबद्दल बोलले. "तुझी आई फडाकडं कवा फिरकली न्हाई. पण मी घरी आलो की आधी इचारायची, कुणाला लागलं तर न्हाई ना?" मी "हं" म्हणालो. त्या वेळी मी फोनवर पुढची जोडी शोधत होतो.

दोन महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी, तो गोरखपूरवाला जेवायला आला. त्यानं पेढ्यांचा बॉक्स आणला होता. वाकून आबांच्या पाया पडला. "बाबूजी, आप जो बोलते हैं, हम भी उसी पे लगाते हैं. ये पेढे आपके."

आबांनी बॉक्स मांडीवर घेतला. "काय लावतो म्हणतोय ह्यो?"

मी पाहुण्यासाठी पाणी आणायला उठलो. तोच हसत मोडक्या मराठीत बोलला, "पैसा, आबा."

 आबांनी पाहुण्याला आग्रह करून वाढलं, तो जाईपर्यंत त्याच्यासोबत बसले. तो गेल्यावर मला म्हणाले, "तू मला रोज इचारत व्हतास, ते ह्याच्यासाठी?"

"हो."

"जोड लावणाऱ्यानं पैज लावायची नसती. मी उभ्या जन्मात एक रुपया लावला न्हाई."

मला माफी मागता आली असती. शब्द माहीत होते. मी ताटं उचलून आत नेली.

दुसऱ्या सकाळी मी टीव्ही लावून विचारलं, तर म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं," आणि ओट्यावर गेले. पुढे महिनाभर मी माझ्या मनानं पैसे लावत राहिलो. कधी आले, कधी गेले. दोन्ही दिवशी मी तितकीच भाकरी खाल्ली.

मग जत्रेचे पंच आबांना बोलवायला आले. आबा म्हणाले, "डोळं ऱ्हायलं न्हाईत आता. दुसरा कुणीतरी बघा." पंच माझ्याकडे वळले, "अरं, सांग की तू तरी." मी चहाचे कप घेऊन उभा होतो.  आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये बसून मी ते ॲप काढून टाकलं. शेजारच्या मशिनवाल्यानं विचारलं, "क्यूँ?" मी म्हणालो, "कंटाळा आला." घरी आबांना सांगितलं, "बंद केलं." ते म्हणाले, "बरं."

आता कामाची गाडी येईपर्यंत मी शेतात जातो. आबा कुठली सरी तोडायची ते बायकांना सांगतात, मी फुलांचे क्रेट उचलून बांधावर नेतो. परवा त्यांनी विचारलं, "कंबर दुखती का?"

"नाही," मी म्हणालो. दुखत होती.