घंटा फिरवायची राहिली

वसईचे जोकीम तुस्कानो आमच्या गावात आले, तेव्हा पहिली चौकशी त्यांनी घंटेची केली. गावात येणारा शहाणा माणूस घंटेचीच चौकशी करतो, घंटा वाजवणाऱ्याची कोणी करत नाही. म्हणून हे चार शब्द खंडू गुरवाबद्दल.

खंडू आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मी मास्तर झालो आणि तो बापाच्या जागी देवळात गेला. तेव्हापासून तो मला अहोजाहो करतो आणि मी त्याला अरेतुरे. हे आम्हा दोघांनाही कधी खटकलं नाही. मला खटकायला हवं होतं.

बुरोंडीच्या अलीकडे आमचं गाव. देवीच्या सभामंडपात जी घंटा आहे, ती मुळात चर्चची. वसईचा किल्ला पडल्यावर कोणीतरी ती गलबतातून इकडे आणली, असं म्हातारे सांगत. अंगावर क्रूस, खाली न कळणारी अक्षरं. देवीला त्याचं काही वाटलं नाही, तेव्हा गावालाही वाटलं नाही.

तिच्या आत लोंबणारा, टोला देणारा लोळा जड. दोरी एकाच बाजूने ओढायची, म्हणून घाव कायम एकाच जागी बसायचा. त्यासाठी खंडूच्या आज्यापासून नेम होता. नारळी पौर्णिमेला सकाळी चार घरचे चार पुरुष यायचे, घंटा दोराने उचलून धरायचे आणि चार बोटं फिरवून पुन्हा अडकवायचे. एक गुरवाचं घर, दोन कोळ्यांची, चौथं आमचं. वर्षभराचे घाव नव्या जागी पडायचे. बस, एवढंच काम. अर्धा तास.

मग कोळ्यांची पोरं ट्रॉलरवर गेली. राहिलो खंडू आणि मी; दोघांनी जोर लावला असता तरी घंटा फिरली असती. खंडू दर वर्षी आदल्या संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन उभा राहायचा. "मास्तर, उद्या येतंव ना?" कधी माझी कंबर धरलेली, कधी मुलगा पुण्याहून आलेला, कधी नुसताच कंटाळा. "पुढच्या वर्षी बघू रे," मी म्हणायचो. तो मान हलवून जायचा. अशी सात वर्षं गेली.

गेल्या नवरात्रात, अष्टमीच्या आरतीला घंटा फुटली. मधेच तिचा आवाज बसला. कोणी म्हणालं देवीचा कोप, कोणी म्हणालं गुरव पिऊन बडवत होता. खंडूने जन्मात थेंब घेतलेला नाही. तरी कमिटीच्या सभेत ठरलं की घंटा गुरवाच्या हलगर्जीपणामुळे फुटली. चिटणीस मी. ते वाक्य माझ्या अक्षरात आहे.

पुढे दापोलीहून विजेचं यंत्र आणलं. बटण दाबलं की ढोल, झांजा, घंटा सगळं एकदम कोकलतं. खंडू रोज संध्याकाळी ते बटण दाबतो आणि खांबाला टेकून डोळे मिटतो. थकलाय तो. दोरी ओढून चाळीस वर्षांत थकला नाही, तेवढा या बटणाने सहा महिन्यांत थकला.

तर तुस्कानो. सत्तरी उलटलेला, एसटीने अंग आंबलेला माणूस. त्यांच्या चर्चच्या पाच घंटा हरवल्या, त्यांचा इतिहास ते लिहीत होते. त्यांनी घंटेवर कागद धरला, वरून पेन्सिल घासली, उमटलेली अक्षरं वहीशी ताडून बघितली आणि खाली बसले.

"आमचीच," ते म्हणाले. "पाचातली तिसरी. एकदा ऐकवाल?"

खंडूने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. त्याने दोरी ओढली. रिकाम्या डब्यावर काठी मारावी तसा आवाज झाला. तुस्कानोंनी वही मिटली.

"कशी फुटली?"

"दरसाली फिरवायला होवी," खंडू म्हणाला. "माज्याकडनं रायली."

"एकट्याने फिरते ही?"

"न्हाय. पन सांगनं माजं काम व्हतं."

तुस्कानोंनी वही उघडली. पूर्ण नाव विचारलं. खंडू सखाराम गुरव, असं त्याने हळू सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव कुठल्या इतिहासात जात होतं, तेही घंटा फोडणारा म्हणून. मला ते सोसेना.

"खोडा ते," मी म्हणालो. "हा सात वर्षं माझ्या दारात आला. मी गेलो नाही. माझं नाव लिहा, हरिहर... आणि सभेत खोटं लिहिलं तेही मीच, तेही लिहा."

लाज वाटली, पण खरं सांगतो, जरा हलकंही वाटलं. वाटलं, खंडू आता काहीतरी बोलेल. निदान बघेल.

त्याने दोरी गुंडाळून खुंटीला लावली.

"ऱ्हावदे, मास्तर," तो म्हणाला. "नाव कशाला देतंव आता. मी तुमचं नाव मागाया येत नवतो."

आरतीची वेळ झाली होती. तो वळला आणि बटण दाबायला गेला.