पुडीतला एकच स्फटिक

ऑक्टोबर २०१८. सर्दीच्या औषधाच्या कॅप्सूलमधल्या भुकटीतून, डोळ्यांना न दिसणाऱ्या स्फटिकावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून पॅरासिटामॉलची रेणुरचना उलगडल्याचे संशोधन त्या महिन्यात प्रसिद्ध झाले.

पारमिता आता बेळगावजवळच्या मच्छेतल्या एका खासगी प्रयोगशाळेत तेच काम करते. निपाणीची तिची आत्या जयाबाई गुडघ्यांसाठी सदलग्याच्या एका जडीबुटीवाल्याकडून पुड्या आणायची.

"पारू, तुझ्या मशीनीत घालून बघ की गं एकदा. इख-बिख न्हाय न्हवं?"

पारमिताने चिमूटभर भुकटी यंत्रातल्या नमुन्याच्या बारीक जाळीवर पसरली आणि झोत सोडला. बहुतेक कणांचे ठिपके पडद्यावर धूसर उमटले. ते कण तिने सोडून दिले. एकाचे मात्र रांगोळीसारखे रेखीव आले. तो कण पॅरासिटामॉलचा निघाला.

"आत्या, तापाची गोळी कुटून देतोय तो," ती फोनवर हसली. "फसवतोय, पण मारत न्हाय."

"फसवू दे की! दुकानातल्या गोळीनं गुडघा वाकत न्हाय, ह्याच्या पुडीनं मी जिना चढती."

पुडीत नुसती तीच गोळी असती, तर दुकानातल्या गोळीनेही गुण आला असता; हे वाक्य पारमिताला तेव्हाच खटकायला हवे होते.

काही महिन्यांत आत्याचा चेहरा गरगरीत झाला. पुढे पुडीवाला गाव सोडून गेला, पुड्या थांबल्या आणि आत्या उलट्या करत कोसळली. बेळगावच्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, "स्टिरॉइड वगैरे चालू होतं का? ते अचानक थांबलं की असं होतं."

"न्हाय सायेब," आत्या क्षीण आवाजात, पण तोऱ्यात म्हणाली. "आमच्या पोरीनं मशीनीत बघितलंय. साधी तापाची गोळी."

डॉक्टर दुसऱ्या कारणाकडे वळू लागले, तोच पारमिता म्हणाली, "मी एकच कण बघितला, सर. बाकीचे सोडून दिले. माझ्या तपासणीवर जाऊ नका."

आत्याने मान वळवली. "मला तर पुडी बघितली म्हणालतीस."

तपासणीसाठी रक्त घेऊन लगेच हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड सुरू झाले. आत्या उठून बसली, तिने चहा मागितला, आणि घोट घेता घेता म्हणाली, "पारू, तुझ्या शब्दावर शेजारची राजाबाईबी पुड्या घेत हुती गं. चिकोडीला लेकीकडं गेलीया."

पारमिताने चिकोडी गाठली. राजाबाईने उरलेल्या पुड्या चुलीत टाकल्या होत्या. "आता कशाला तपासतीस?" असे म्हणत ती दवाखान्यात आली.

आत्याच्या रक्तातले कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टिरॉइड, फार खाली गेले होते. बाहेरून स्टिरॉइड येत राहिले की शरीर ते बनवणे थांबवते. तिने स्टिरॉइड घेतले असावे, एवढेच त्यावरून म्हणता येते. ते पुडीतलेच होते, हे सिद्ध होत नाही. सोडून दिलेल्या कणांत काय होते, हे माहीत नाही. ती जाळी टाकून दिली गेली. राजाबाईच्या रक्ताचा अहवाल अजून आलेला नाही.