दहाच्या आधी दोन

आमच्या जाऊबाईंचा आवाज म्हणजे काय विचारता! उभी हयात बसस्थानकावर घोषणा करण्यात गेली. पुढे तिथे यंत्र बोलायला लागलं आणि यांना घरी बसवलं. कितीतरी दिवस बाई कुणाशी धड बोलल्या नाहीत. मग अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करू लागल्या. गाद्यांच्या कपाटात माइक, दार बंद, बाहेर आम्ही चिडीचूप. मला कुकर लावायचा तर यांची परवानगी! यावरून आमची रोज जुंपायची.

एकदा वाचनालयाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "वाचक वैतागलेत. पहिल्या प्रकरणानंतर एकदम दहावं लागतं, दुसरं कुठल्या कुठे. सोमवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर तुमची पुस्तकं काढून यंत्राच्या आवाजातली ठेवावी लागतील."

जाऊबाईंनी फोन ठेवला. "पुन्हा यंत्र!"

घोळ फायलींच्या नावांत होता. प्लेअर काही आकडे मोजत नाही, एकेक अक्षर बघून रांग लावतो. दहाचं पहिलं अक्षर एक, म्हणून 'प्रकरण-10' हे 'प्रकरण-2'च्या आधी घुसलेलं. जाऊबाई घोषणेत जसं बोलायच्या तसंच लिहीत आलेल्या. फलाट 'शून्य दोन' असं कुणी म्हणतं का?

हाताने नावं बदलायला बसल्या. दुपारपर्यंत तीन पुस्तकं झाली, त्यातही दोन फायलींना भलतीच नावं पडली, ती पुन्हा सुधारावी लागली. मी म्हटलं, "अहो, जाऊ द्या आता."

"काय जाऊ द्या? जीव ओतलाय मी त्यात!" म्हणत त्यांनी व्यवस्थापकांकडून नंबर घेतला आणि ज्याने सगळ्यात मोठी तक्रार केली होती, त्यालाच फोन लावला. स्वतः अंध, पण कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारा गृहस्थ. तो आधी कडाडलाच. "बाई, दुसरं प्रकरण ऐकायच्या आत तुम्ही मला खुनी कोण ते सांगून मोकळ्या झालात!"

"चुकलंच माझं. आता उपाय सांगा."

तो हसला. म्हणाला, "मला माउस काय कामाचा? मी सगळं टाइप करूनच करतो. चार ओळींची शेल स्क्रिप्ट लिहा, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, सगळ्या पुस्तकांवर तीच फिरेल." फायलीच्या नावात चांदणी, म्हणजे * ही खूण, घातली की त्या जागी कितीही अक्षरं चालतात, प्रश्नचिन्ह घातलं की कुठलंही एकच, हेही त्याने समजावलं.

जाऊबाईंनी 'प्रकरण-'नंतर आकड्याच्या जागी चांदणी घातली आणि नव्या नावात त्याच्या आधी शून्य. मी म्हटलं, "दाबा की!"

"थांब गं, घाई कसली?" बसस्थानकावरची जुनी सवय. घोषणा आधी माइक बंद ठेवून म्हणून बघायची, मग चालू करायचा. म्हणून स्क्रिप्टला आधी नवी नावं नुसती दाखवायला लावली, आणि बाई खणखणीत वाचू लागल्या. "प्रकरण-1 आता प्रकरण-01! प्रकरण-10 आता प्रकरण-010!" मध्येच थबकल्या. "अगं बाई! सरसकट सगळ्यांनाच शून्य लावलं तर रांग तशीच राहिली की!"

चांदणी खोडून प्रश्नचिन्ह घातलं. पुन्हा वाचलं. आता एकच आकडा असलेल्या एक ते नऊलाच शून्य लागलं आणि ते पुढे आले, दहा जागचा हलला नाही.

"माइक चालू," म्हणाल्या आणि बटण दाबलं. मी चहा ठेवला होता, त्याला उकळी फुटायच्या आत सगळी पुस्तकं रांगेत! मी तर टाळ्याच वाजवल्या. जाऊबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या.

सोमवारी व्यवस्थापकांचा फोन आला, पुस्तकं राहणार. पाठोपाठ त्या गृहस्थाचा.

"ताई, दोन लागलं, मग तीन. खुनी ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून ऐकतोय. एक सांगू? बसस्थानकावर मी तुमच्या आवाजावर फलाट गाठायचो. तुम्ही गेलात आणि मला वाटलं, तो आवाज आता कुठला ऐकू यायला."

जाऊबाईंनी फोन ठेवला, घोटभर पाणी प्यायल्या आणि कपाटाकडे निघाल्या. दारातून ओरडल्या, "कुकर बंद कर गं!"

मी मुकाट्याने बंद केला.