कपाटात नसलेलं औषध

लोक भुताला भितात, मी आमच्या व्हरांड्यातल्या सिमेंटच्या बाकाला भिते. दुपारची भांडी आटोपून बाहेर आले की ती तिथं बसलेली असेल असं अजून वाटतं. मग मी आधी चपला काढायच्या जागेकडं बघते. तिच्या चपला नसतात. तेव्हा कुठं बाकावर पापड वाळत घालते.

आमचे हे नांदेडला विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे. मूळचे लातूरकडचे. ह्यांच्या लहानपणी मोठा दुष्काळ पडला तेव्हा आईवडिलांनी सडकेवर खडी फोडली. पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला आणि वडलांना नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली. जिल्हा झाला नसता तर मी गुरं राखली असती, असं हे मोठ्या कौतुकानं सांगत. आमच्या समाजात एवढा शिकलेला माणूस एकट्या बायकोचा राहत नाही. कुणाची ॲडमिशन असो, कुणाचा दवाखाना असो, सगळे ह्यांनाच पुढं करत, आणि ह्यांनाही ते आवडायचं.

संशोधन म्हणाल तर सगळी उमर एकाच गोष्टीत गेली. लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण करायचे, त्यांच्यावर कॅन्सरच्या औषधाचा लेप चढवायचा, ते रक्तात सोडायचे आणि बाहेरून लोहचुंबक धरून नेमके गाठीपाशी थांबवायचे. औषध गाठीलाच लागावं, सगळं अंग पोळू नये, एवढाच हेतू. ज्यांना घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही ते औषधाला पत्ता सांगायला निघालेत, असं मी चिडवायची. पेटंट मिळालं तेव्हा पेढे मात्र मीच वाटले.

पेटंटची बातमी पेपरात आली आणि घात झाला. कॅन्सरवर औषध सापडलं, असा मथळा. प्रयोग फक्त उंदरांवर झालेत हे खाली बारीक अक्षरात, आणि बारीक अक्षर कोण वाचतं? एक्स-रेची पाकिटं घेऊन लोक दारात यायला लागले. हे प्रत्येकाला समजावून सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवायचे. लोक निराश होऊन का होईना, जायचे. ती गेली नाही.

ती देगलूरकडची. नवऱ्याचा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. जयभीम घालून बाकावर बसली आणि म्हणाली, छातीत गाठ आहे, डॉक्टर छाती काढायची म्हणतात, मी काही काढू देणार नाही, मी सरांचंच औषध घेणार. ह्यांनी हरतऱ्हेनं समजावलं. ती पुढच्या आठवड्यात परत हजर. तेव्हा पुन्हा दुष्काळाचं साल होतं, आमच्या कॉलनीत टँकर यायचा. ती पाण्याची बाटली घरून आणायची आणि मी पुढं केलेला पेला हातानं मागं सारायची. चहा तेवढा घ्यायची.

एकदा चहा पिता पिता तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि मला झंपर उघडून दाखवला. आतल्या बाजूनं खिसा शिवलेला, त्यात मोडक्या स्पीकरमधलं काळं गोल लोहचुंबक, बरोबर गाठीवर. सर औषध देतील तोवर जागा तयार असावी म्हणून. डॉक्टरच्या साध्या गोळ्या गिळतानाही ती त्यावर तळवा दाबून धरायची. खालची कातडी सोलवटली होती. मला रडू आलं आणि तिचा रागही आला.

ह्यांना सांगितलं तर जेवण अर्धं टाकून उठले. दशांश चिन्हापुढचा आकडासुद्धा कधी न सोडणारा माणूस. ती पुढच्या खेपेला आली तेव्हा हे तिच्यासमोर बसले आणि माझ्यादेखत खोटं बोलले.

"आमचं औषध ऑपरेशन झाल्यावरच लागू पडतं. आधी ऑपरेशन, मग औषध."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. तिनं जाऊन ऑपरेशन करून घेतलं.

त्या दिवसांत हे प्रयोगशाळेतून घरी आले तरी घरी नसत. बोललेलं खरं करून दाखवायला निघाले होते. पण उंदरांतसुद्धा बरेचसे कण यकृतात अडकून पडत, गाठीपर्यंत थोडेच पोचत. शिवाय माणसाला द्यायचं म्हणजे तपासण्या, परवानग्या, त्यात वर्षंच्या वर्षं जातात. हे ह्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

पावसाळा कोरडा गेला आणि ती आली. पदर एका बाजूनं सपाट, चेहरा मात्र उजळलेला. नवरा फाटकात उभा राहिला.

"झालं ऑपरेशन. आता द्या औषध."

ह्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. औषध उंदरांच्या पुढं गेलेलं नाही, तुम्ही ऑपरेशनला जावं म्हणून तसं बोललो, तुमचा जीव वाचावा म्हणून. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उघड्या दारातून बैठकीतल्या लोखंडी कपाटाकडं बघत होती.

"हाय तुमच्यापाशी. मोठ्या लोकायसाठी ठिवलं असंल. आपला माणूस म्हणून आल्ते मी."

तिनं पाठ फिरवली, झंपरातून लोहचुंबक काढलं आणि बाकावर ठेवलं. गाठ गेली तरी तिनं ते जपून वागवलं होतं.

"हे बी ठिवा. त्यायला लागंल."

ती पुन्हा आली नाही. हे एकदा तिच्या गावाला जाऊन आले. दुकानाला कुलूप होतं. दोघं हैदराबादकडं कामाला गेली, एवढंच शेजाऱ्यांना माहीत. ती बरी आहे का, हे कुणालाच सांगता आलं नाही.

पुढं ह्यांना आणखी पेटंटं मिळाली, सत्कार झाले, हे रिटायर झाले. औषध उंदरांपाशीच राहिलं. भाषणात हे ‘औषध’ हा शब्द टाळतात, ‘संयुग’ म्हणतात. का ते सभागृहात फक्त मला कळतं. लोहचुंबक माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. घरातली हरवलेली सुई त्यालाच चिकटलेली सापडते, तेव्हा हात लावायला नको वाटतं, आणि फेकवतही नाही.

कधी हे बाहेर गेले की मी ते लोखंडी कपाट उघडते. प्रमाणपत्रं, शाली, स्मृतिचिन्हं. सगळं बाजूला सारून मागचा कप्पाही बघते. तिचं खरं असतं तर, असं वाटतं. ह्यांनी मोठ्या लोकांसाठी खरंच एखादी बाटली लपवून ठेवली असती, तर मी ती चोरून तिच्या शोधात निघाले असते.